कमी टक्क्यांची मुलं आणि पदवीची किंमत

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



आता इथे मुलामुलींचा सत्कार झाला. ऐंशी टक्के, चौऱ्याऐंशी टक्के, एक मुलगी तर एक्क्याण्णव टक्के. आनंद झाला. पण मी यादी वाचत होतो तेव्हा माझी नजर मागच्या रांगेकडे होती. आपल्या वस्तीतून या वर्षी दहावी-बारावीला बसलेली बरीच मुलं इथे आलेलीच नाहीत. समितीने नियम केला आहे की साठ टक्क्यांच्या वर असेल त्याचाच सत्कार. मग सेहेचाळीस टक्केवाला कशाला येईल? तो आता नाक्यावर उभा असेल. त्याची आई मात्र आली आहे. परवा तिनेच मला जिन्यात गाठून सांगितलं, "भाऊ, ह्याला कुठेतरी कंपनीत चिकटवून द्या. एवढ्याशा मार्कांत कॉलेज करून काय दिवे लावणार?"

त्या माउलीला जिन्यात उत्तर देता आलं नाही, म्हणून आज इथे देतो.

बाबासाहेब मॅट्रिक झाले १९०७ साली. त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे सदतीस-साडेसदतीस टक्के. त्या काळची मॅट्रिक आजच्यासारखी नव्हती, पास होणंच मोठं होतं, हे मला ठाऊक आहे, त्यामुळे ते गुण आणि आजचे गुण एका तराजूत घालू नयेत. तरी हिशेब करून बघा. आपल्या समितीचा नियम त्या वेळी असता तर भीमरावाचा सत्कार झाला नसता! पण तो झाला. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. पुढे कॉलेजची इंटर झाली आणि घरचे पैसे संपले, तेव्हा हेच केळूसकर गुरुजी त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती मिळाली आणि शिक्षण चालू राहिलं. गुरुजींनी टक्के बघितले नाहीत, मुलगा बघितला. आणि नुसता हार घालून घरी गेले नाहीत, पुढेही विचारपूस ठेवली.

आता दुसरी बाजू, कारण मी खोटी आशा दाखवायला उभा नाही. पदवी घेतली की नोकरी मिळते का? नाही मिळत. मी स्वतः बघितलं आहे. आमची गिरणी बंद पडल्यावर मी वॉचमनची नोकरी धरली. माझ्या जोडीला रात्रपाळीला एक बी.ए. झालेला मुलगा होता. त्याची-माझी वर्दी एक, काठी एक, पगारही एक. मी दहावीला १९८४ साली गणितात गचकलेला. तो मला म्हणायचा, "काका, तीन वर्षं फुकट गेली." मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

पण तो रात्री गेटच्या दिव्याखाली पुस्तकं वाचायचा. एमपीएससीच्या राज्यसेवेत बहुतेक पदांना कोणत्याही शाखेची पदवी चालते, टक्के विचारत नाहीत. त्याने अर्ज भरले. दोनदा गेला, तिसऱ्यांदा दुसऱ्याच एका खात्याच्या परीक्षेत कारकून म्हणून लागला. मी त्याच्याइतकंच वाचत होतो, कदाचित जास्तच. विहाराच्या ग्रंथालयातली दोन कपाटं मी संपवली आहेत. पण मला अर्जच भरता येत नव्हता. पदवीने त्याला नोकरी दिली नाही, रांगेत उभं राहू दिलं. मला रांगेतही घेतलं नाही.

आणखी एक सांगतो, हे सांगायला मला लाज वाटते. २००२ साली आम्हाला स्वेच्छानिवृत्तीचे कागद दिले, सगळे इंग्रजीत. बाबूने बोट ठेवलं तिथे सह्या केल्या. मीही केली, सभांतून भाषणं ठोकणाऱ्या माणसाने! जुनी थकबाकी मागायला गेलो तेव्हा तोच कागद पुढे आला. यापुढे माझी कसलीही मागणी उरलेली नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. खाली माझी सही. माझ्या वडिलांनी १९८२ च्या संपात नोकरी घालवली, ती लढून. मी माझे पैसे घालवले ते न वाचून.

तेव्हा सेहेचाळीस टक्केवाल्याने शिकावं, पण डोळे उघडे ठेवून. नावाला कॉलेज म्हणून दीड-दोन लाखांचं कर्ज काढून कुठल्याही कोर्सला जाऊ नये. आयटीआय आहे, पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, तो चांगला झाला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. घरी कमवायची गरज असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं, तिथे नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. सकाळी कॉलेज, मग ऑफिस. आपले कितीतरी लोक असेच शिकले, तेही फर्स्ट क्लासवाले नव्हते.

मार्कांपेक्षा आपली मुलं कागदांत जास्त अडकतात. भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, पण उत्पन्नाचा दाखला वेळेत निघत नाही. व्यावसायिक कोर्सला जात पडताळणी लागते आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबांच्या गावच्या शाळेचा दाखला. ऐन जूनमध्ये बाप एस.टी.ने गावी पळतो, तर गुरुजी सुट्टीवर! हे काम मूल नववीत असतानाच करून ठेवा. स्वाधार योजना आहे, तिला गुणांची अट असते, ती आधी वाचा.

हे सगळं ऑनलाइन भरायचं असतं आणि ते आमच्या पिढीला जमत नाही. बाबासाहेब १९५६ साली आग्र्याला शिकलेल्या लोकांवर चिडून बोलले होते, ते उगाच नव्हे. याच चाळीतून शिकून गेलेले साहेब लोक आज पुढच्या खुर्च्यांवर बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. मे आणि जून हे दोन महिने दर रविवारी वंदनेनंतर दोन तास विहारात बसा. लॅपटॉप तुमचा, चहा आमचा. पस्तीस टक्केवाल्याचाही अर्ज भरून द्या.

आणि अध्यक्षसाहेब, पुढच्या वर्षी ती साठ टक्क्यांची अट काढा. पास झालेल्या प्रत्येक मुलाला बोलवा, नापास झालेल्यालाही बोलवा, आणि हाराऐवजी एकेक पुस्तक द्या. पुस्तकांच्या वर्गणीचे माझे पाचशे एक रुपये मी आताच खजिनदारांकडे जमा करतो.

त्या ताईंना सांगतो, उद्या संध्याकाळी मुलाला घेऊन माझ्या खोलीवर या. गुणपत्रिका घेऊन या.

जय भीम! जय भारत!