थेंब मोजू नका, वजन करा

(हदगाव येथे महिला व विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी एका लहानशा विषयावर बोलणार आहे. आपल्या भागात हळद काढून, कापूस वेचून बायांच्या कंबरा आणि गुडघे धरतात. म्हणून पुष्कळ घरी तिळाच्या तेलात निलगिरीचे तेल किंवा गंधपुरा तेल मिसळून चोळायचे तेल करतात. माझी आईही करीत असे. प्रमाण विचारले तर म्हणायची, "इतके थेंब." एका वर्षी बाटली बदलली. नव्या बुचाचे भोक मोठे होते. आईने थेंब नेहमीएवढेच मोजले, पण गुडघ्याची कातडी लाल झाली, फोड आले. तेल तेच होते. माप चुकले होते.

मित्रहो, थेंब हे माप नव्हे. पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर असे धरतात. सुगंधी तेलाचे थेंब त्याहून लहान पडतात. बुच, तेलाचा पातळपणा आणि हवेतील उष्णता यांप्रमाणे एका मिलिलिटरला २५ थेंब पडतील, नाहीतर ४०. मग दोन घरचे "दहा थेंब" सारखे कसे होणार?

कोणी म्हणेल, मिलिलिटरच्या मापाने घेऊ. ते थेंबापेक्षा बरे, पण प्रत्येक तेलाची घनता वेगळी असते. २० मिलिलिटर निलगिरी तेल सुमारे १८ ग्रॅम भरते. तेवढेच लवंगेचे तेल सुमारे २१ ग्रॅम भरते; ते पाण्यात बुडते. गंधपुरा तेल तर साडेतेवीस ग्रॅमच्या आसपास जाते. शिवाय चिकट तेल मापाच्या भांड्याला लागून राहते. काट्यावर मात्र ग्रॅम तो ग्रॅमच.

याच गंधपुरा तेलाविषयी सावध करतो. त्याचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, पोटात गेला तर तो अ‍ॅस्पिरिनच्या मोठ्या २० हून अधिक गोळ्यांएवढा ठरतो. लहान मुलाच्या जिवावर बेतते. निलगिरी तेल आणि कापूरही पोटात गेल्यास मुलांना घातक आहेत. या बाटल्या कुलपात ठेवा. तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला असली तेले मनाने लावू नका.

आता रीत सांगतो. शंभरात दोन हे प्रमाण धरा. १०० ग्रॅम तेल करायचे, तर निलगिरी तेल २ ग्रॅम आणि तिळाचे तेल ९८ ग्रॅम. विद्यार्थ्यांनी हे त्रैराशिक घरी आईला करून दाखवावे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. पंखा बंद करा. रिकामी बाटली काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. आधी २ ग्रॅम सुगंधी तेल सावकाश सोडा, मग एकूण १०० होईपर्यंत तिळाचे तेल ओता. किराण्याचा काटा असेल, तर त्यात एका ग्रॅमची चूक सहज होते. दोन ग्रॅममध्ये एक ग्रॅम म्हणजे निम्मी चूक! तेव्हा बचत गटाने मिळून ५०० ग्रॅम तेल करावे. त्यात १० ग्रॅम लागतात, तीच चूक दहाव्या हिश्शावर येते. वही ठेवा, बाटलीवर तारीख आणि वजने लिहा. प्रथम हातावर ठिपकाभर लावून दिवसभर पाहा. विकायचे असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना आधी घ्या.

वजनाने भेसळीचा संशयही येतो. आपल्या महाराष्ट्रात, खानदेशात, रोशा गवताचे तेल गाळण्याचा जुना धंदा होता. हे तेल मुंबईहून तुर्कस्तानकडे जाई आणि तेथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. पुढे खुद्द रोशा तेलातही टर्पेंटाइन आणि साधी तेले मिसळू लागले. शुद्ध रोशा तेल १०० मिलिलिटरला ८८-८९ ग्रॅम भरते. फार कमी किंवा जास्त भरले, तर विचारायला हवे. बरोबर भरले म्हणजे शुद्धच, असे मात्र नाही. लबाड माणूस वजनही जुळवतो.

दीघनिकायात खोटा तराजू आणि खोटे माप यांचा स्पष्ट निषेध आहे. त्यांना तुलाकूट आणि मानकूट म्हटले आहे. ते व्यापाऱ्यापुरतेच आहे असे आपण समजतो. पण माहीत असूनही अंदाजाने औषधी तेल करून शेजारणीच्या हातात देणे, हेही त्याच्याच जवळ जाते. सोनार गुंजभर सोने अंदाजाने देत नाही, आपणही घेत नाही. आईच्या गुडघ्याची किंमत सोन्याहून कमी आहे काय?

म्हणून घरी गेल्यावर एवढेच करा: थेंबांचा कागद फाडून टाका आणि ग्रॅमचा नवा कागद भिंतीला लावा.

जयभीम.