प्रार्थनेनंतरचं काम



परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्हा पदवीधरांपैकी बऱ्याच जणांनी देवाला साकडं घातलं असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण दुसऱ्यासाठी देवाला हाक मारली, की ती आपल्यालाही कामाला लावते. पंडिता रमाबाईंचं तसंच झालं.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पुराण सांगत तीर्थक्षेत्रं फिरणारं हे कुटुंब. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं, जप-उपास मात्र चालू राहिले. मजुरीची सवय नाही, भीक मागायची लाज. वडील, आई, थोरली बहीण पाठोपाठ गेले. हे सगळं रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. अशा घरातल्या मुलीने पुन्हा प्रार्थनेचं नाव काढलं नसतं, तर तिला कोण बोल लावणार होतं?

त्यांनी काढलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि महाराष्ट्रात गदारोळ उडाला. पुढे १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा तिथे जाण्याची देवाचीच आज्ञा आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. हाती पैसा बेताचा. विधवांसाठी पुण्यात चालवलेल्या त्यांच्या शारदा सदनाला अमेरिकेतून मिळणाऱ्या मदतीची मुदत दहाच वर्षांची, तीही संपत आलेली. तरी त्या गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, त्यामुळे सगळ्यांना केडगावला, फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर न्यावं लागलं. तिथे विहिरी खणल्या गेल्या. पुढे माग आले, तेलाचा घाणा आला, छापखानाही आला आणि तो बायकांनी चालवला. प्लेगच्या इस्पितळात बायकांना कसं वागवतात, याबद्दल १८९७ साली रमाबाईंनी वर्तमानपत्रात सरकारविरुद्ध पत्र लिहिलं. ते प्रकरण थेट लंडनच्या पार्लमेंटात गेलं. भाविक माणूस सोशिकच असतो, असं मानणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

केडगावच्या या संस्थेवर, म्हणजे मुक्ती मिशनवर, धर्मांतराचे आक्षेप आले, ते मी झाकत नाही. मदत घेणाऱ्याच्या गळ्यात आपला देव घालू नये, असं माझं मत आहे. इथे माझा रस्ता रमाबाईंपेक्षा वेगळा.

तुम्ही विचाराल, आतला आवाज देवाचा की आपल्याच इच्छेचा, हे ओळखायचं कसं? पक्की कसोटी माझ्याकडे नाही. देवाचा सल्ला माझ्या सोयीशी तंतोतंत जुळला, की मी तो पुन्हा तपासतो, एवढंच. रमाबाईंना मिळालेल्या आज्ञेने त्यांचं काम आणि काळजी दोन्ही वाढवली. म्हणूनच मला ती खरी वाटते.

आता तुम्ही कुणी वॉर्डात, कुणी वर्गात, कुणी कचेरीत रुजू व्हाल. दुष्काळ शोधायला लांब जावं लागणार नाही. खिडकीपुढच्या रांगेत पेन्शनचा अर्ज धरून एखाद्या आजी उभ्या असतील. सकाळी हात जोडताना अशा एकाच माणसाला आठवा. सुचेल ते लगेच करा, उद्यावर टाकलंत तर रांग लांबते. आणि आजींच्या अर्जात काही अपुरं असेल, तर कुठकुठले कागद हवेत ते त्यांना एकाच खेपेत, मोठ्या अक्षरांत लिहून द्या.