बेभरवशाचा उतार

श्रोतेहो, राखोलीच्या पुलावरून दमणगंगा ओलांडताना आज कोणाच्या मनात शंकाही येत नाही. परंतु पावसाळ्यात काल गुडघाभर पाण्याखाली दिसणारा खडक आज गढूळ लोंढ्यात दिसेनासा झाला, म्हणजे काठावरचा जाणता माणूस नदीला ‘असुरक्षित’ म्हणत नाही. ‘उताराचा भरवसा नाही’ एवढेच म्हणून, हातात घेतलेल्या वहाणा पुन्हा पायांत सारून तो माघारी वळतो.

नेमक्या ह्याच अर्थाचा ‘अन्सिकर’ हा शब्द एके काळी इंग्रजांजवळ होता. त्यातला ‘सिकर’ मूळचा लॅटिन ‘सेक्युरुस’, म्हणजे चिंतेवाचून असलेला, आपल्या ‘निश्चिंत’चा सख्खा भाऊच. जर्मानिक टोळ्यांनी तो फार प्राचीन काळी उचलला. पुढे फ्रेंचांच्या मुखात झिजून तोच ‘शुअर’ ह्या रूपाने इंग्लंडात उतरला. आणि सोळाव्या शतकात पंडितांनी तिसऱ्यांदा तो थेट लॅटिनमधून ‘सिक्युअर’ म्हणून आणला. तिघे भाऊ एका घरात नांदेनात. थोरल्याला नकारार्थी लेकरासह बाहेर पडावे लागले. स्कॉटलंडने त्याला आश्रय दिला. तेथे 1306 साली रॉबर्ट ब्रूसने आपला प्रतिस्पर्धी कॉमिन ह्याच्यावर चर्चमध्ये वार केला आणि तो मेला की नाही अशी शंका येताच कर्कपॅट्रिक नावाचा सरदार ‘मी सिकर करतो’, म्हणजे पक्के करतो, असे म्हणत आत गेला, अशी आख्यायिका आहे. निर्भयतेच्या शब्दावर ही कामगिरी यावी, हे विलक्षणच!

‘सिक्युअर’चा अर्थ पूर्वी ‘बेसावध’ असाही होता, आणि ते यथार्थच. निर्धास्त झोपलेला पहारेकरी सुरक्षित असतोच असे नाही. आमच्याकडे सलामती मनाच्या स्वस्थतेवर नव्हे, दिलेल्या शब्दावर टेकलेली असे. उजाड गावी रयत परतावी म्हणून सरकार ‘कौल’ देई. ह्या अरबी शब्दाचा अर्थ नुसता ‘बोल’. तोही सदैव टिके असे नाही, कारण शब्द देणारे सरकारच बदले: एका पोर्तुगीज जहाजाच्या नुकसानभरपाईपोटी पुणे दरबाराने 1783 साली नगरहवेलीचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला, आणि सिल्वासातला त्यांचा अंमल उठायला 1954 चा ऑगस्ट उजाडावा लागला.

‘असुरक्षित’ हा शब्द फलकावर शोभतो. पाण्यात पाय घालणाऱ्याच्या तोंडी तो यायचा नाही. तेव्हा श्रोतेहो, वारली, कोकणा किंवा आपल्या घरच्या बोलीत वाईट उताराला काय म्हणत, ते वडीलधाऱ्यांना विचारा, आणि शुद्ध करण्याच्या भानगडीत न पडता जसेच्या तसे लिहून ठेवा.