दीर्घायुष्याचा डेटाबेस आणि 1 जूनचा वाढदिवस

आजचा विषय आहे म्हातारपण. घाबरू नका, योगासनं किंवा गोळ्या सांगणार नाहीये. मी बीटेक करून डेटाबेस सांभाळणारा माणूस, बायोलॉजीवाला नाही. त्यामुळे मी हा विषय टेबल, रो आणि कॉलमच्या बाजूने सांगणार आहे.

इंटरनेटवर ‘ह्यूमन एजिंग जीनोमिक रिसोर्सेस’ नावाचा डेटाबेसचा एक संच आहे. जोआओ पेद्रो द मॅगल्हाइस या शास्त्रज्ञाने तो उभा केला आणि 2005 साली त्यावरचा पेपर आला. कोणीही उघडावा, डाउनलोड करावा, पैसे लागत नाहीत. त्यात ‘जेनएज’ आहे, ज्यात माणसाच्या वार्धक्याशी संबंध असू शकेल अशी तीनशेच्या आसपास जीन्स आहेत. ‘असू शकेल’ म्हणतोय, कारण त्यातल्या फार थोड्यांसाठी थेट माणसातला पुरावा आहे. बाकीचा बराचसा उंदरांवरच्या आणि इतर प्रयोगांतून आलाय. चांगली गोष्ट ही, की प्रत्येक जीन यादीत का आहे, याचं कारण तिथेच लिहिलेलं असतं.

मग ‘अ‍ॅनएज’ आहे, प्राण्यांच्या आयुष्याची नोंदवही. हजारो प्रजाती. घरातला उंदीर जास्तीत जास्त 4 वर्षं, नेकेड मोल रॅट नावाचा बिळात राहणारा प्राणी तिशीच्या पुढे, आणि बोहेड व्हेल 211 वर्षं. असे आकडे एका ठिकाणी आले की प्रश्न विचारता येतात. व्हेलच्या अंगात उंदरापेक्षा कितीतरी जास्त पेशी, तरी ती दोनशे वर्षं कॅन्सरविना कशी जगते? 2015 मध्ये बोहेडचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा डीएनए दुरुस्ती आणि पेशी-विभाजनाशी संबंधित जीन्समध्ये वेगळे बदल सापडले. कुठे शोधायचं, याचा हा पहिला धागा.

मला सगळ्यात आवडतो तो ‘लॉन्जेव्हिटीमॅप’. दीर्घायुषी माणसांवर जे जनुकीय अभ्यास झाले, त्यांची यादी. खास गोष्ट अशी की यात ‘संबंध सापडला नाही’ असे निकालही ठेवलेत. आपल्याला बातमी फक्त ‘सापडलं’ची कळते. दहा ठिकाणी शोधून नाही सापडलं, याची बातमी कोण देणार? पण ती रो टेबलमध्ये नसेल, तर अकरावा माणूस तेच काम पुन्हा करत बसतो. प्रत्येक नोंदीपुढे अभ्यास कोणत्या लोकसमूहावर झाला, तेही असतं.

आता मुद्द्यावर येतो. अशा संशोधनाचा सांगाडा दोन कॉलमचा असतो. एकात जीन, दुसऱ्यात वय. यातला कुठलाही एक कॉलम चुकला तर सगळं फसतं.

जीनचा कॉलम चुकल्याचं प्रसिद्ध उदाहरण 2010 चं. बोस्टनच्या एका गटाने शंभरी गाठलेल्या लोकांवरचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये छापला. खूप गाजावाजा झाला. मग लक्षात आलं की नमुने वेगवेगळ्या चिपवर तपासले होते आणि एका चिपमध्ये काही ठिकाणी दोष होता. म्हणजे शंभरीवाले आणि इतर यांच्यातला फरक म्हणून जे दिसत होतं, त्यात काही भाग चक्क चिपचा फरक होता. 2011 मध्ये पेपर मागे घेतला, आणि सुधारून 2012 मध्ये दुसरीकडे छापला.

पण आपल्याकडे खरी अडचण दुसऱ्या कॉलमची आहे.

तुमच्या घरात किंवा ओळखीत किती जणांचा वाढदिवस 1 जूनला असतो, आठवून बघा. महाराष्ट्रात एका पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मूल सहा वर्षांचं दिसतंय, गुरुजींनी दाखल्यावर तारीख टाकली, विषय संपला. ज्या बायका शाळेतच गेल्या नाहीत, त्यांना तर ती तारीखही मिळाली नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा 1969 चा. आज शंभरीच्या आसपास असलेल्या आजी त्याच्या चाळीसेक वर्षं आधी जन्मल्या.

हा प्रश्न फक्त आपलाच नाहीये. सॉल न्यूमन या संशोधकाने दाखवलं की अमेरिकेतल्या राज्यांमध्ये जन्मदाखला सुरू झाला, की त्यानंतर जन्मलेल्यांत 110 पार करणाऱ्यांच्या नोंदी एकदम घटतात. माणसं लवकर मरायला लागली नव्हती, कागद नीट झाले होते. या कामाला 2024 चं इग नोबेल मिळालं.

हे आत्ता का सांगतोय? जगातला बहुतांश जनुकीय डेटा युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. आपल्याकडे ‘जीनोम इंडिया’ने 83 लोकसमूहांतल्या 10,000 लोकांचे जीनोम वाचले, आणि जानेवारी 2025 मध्ये तो डेटा संशोधकांसाठी खुला झाला, फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमधून. म्हणजे पहिला कॉलम आता भरायला लागलाय. उद्या कोणी इथल्या नव्वदी-शंभरीच्या लोकांचा अभ्यास करायला निघालं, तर जीन मशीन वाचेल. वय कोण वाचणार?

‘अ‍ॅनएज’मध्ये प्राण्याच्या वयापुढे ती माहिती किती भरवशाची, नमुना केवढा, हे लिहिलेलं असतं. व्हेलच्या वयाला जी शिस्त, ती आपल्या आजीच्या वयालाही हवी.

तर एक छोटं काम करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं वय लिहून ठेवा, आणि त्यापुढे एक जादा कॉलम: ‘हे कशावरून?’ दाखला, पत्रिका, की ‘दुष्काळाच्या साली लग्न झालं तेव्हा बारा वर्षांची होते’ ही आठवण. आठवण असेल तर आठवण असंच लिहा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हा कॉलम भरता येतो. नंतर कुठलीही क्वेरी टाकली तरी ती रिकामीच परत येणार.

काय सापडलं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.