मोटारसायकल अपघातानंतर टाळावयाच्या चुका

(रस्ता सुरक्षा महिन्यानिमित्त गोव्यातील एका ग्रामपंचायतीच्या सभागृहात निवृत्त शासकीय शल्यचिकित्सकांनी केलेले भाषण)



अपघात होऊ नये म्हणून काय करावे, यावर आपण पुष्कळ भाषणे ऐकली असतील. हेल्मेट घाला, वेग आवरा, मद्य घेऊन वाहन चालवू नका, हे सारे खरे आहे व ते पुनःपुन्हा सांगितलेच पाहिजे. आज मात्र मी अपघात घडून गेल्यानंतरच्या वेळेविषयी बोलणार आहे. अपघात विभागात काम करताना एक गोष्ट मला सतत जाणवत आली. रस्त्यावर आपटल्यामुळे जखमीची जी हानी होते, तिच्यात पुष्कळदा पुढच्या अर्ध्या तासात भर पडते. ही भर घालणारी माणसे दुष्ट नसतात; ती मदतीला धावून आलेली असतात. त्यांच्या ठायी माया असते, पण माहिती नसते.

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते. आपल्या गोव्यात दारी दुचाकी नाही असे घर विरळा. तेव्हा हा प्रश्न तुमच्या-माझ्या घरचा आहे.

जुन्या लोकांच्या हिशेबात एक घटका म्हणजे २४ मिनिटे. अपघातानंतरच्या या पहिल्या घटकेत काय करावे यापेक्षा काय करू नये, हे आधी समजून घेऊ.

पहिली चूक म्हणजे सर्वांनी एकदम रस्त्यात धावणे. आपले रस्ते वळणांचे. पावसाळ्यात समोरचे दिसत नाही. जखमीभोवती गोळा झालेल्या घोळक्यावर मागून येणारे वाहन आदळले, तर एका अपघाताचे दोन होतात. म्हणून एकाने वळणाच्या अलीकडे उभे राहून येणारी वाहने थांबवावीत. झाडाची फांदी रस्त्यावर टाकण्याची आपली जुनी रीत उत्तम आहे. मात्र ती अपघाताच्या जागेपासून पुरेशी दूर टाकावी व काम संपल्यावर न विसरता उचलावी. दुसऱ्याने पडलेल्या गाडीची किल्ली फिरवून इंजिन बंद करावे. पेट्रोल सांडले असल्यास जवळपास कोणासही विडी-सिगारेट पेटवू देऊ नये. तिसऱ्याने लगेच १०८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. ठिकाण सांगताना नुसते गावाचे नाव पुरत नाही; वाडा, देऊळ, चॅपेल, पूल, शाळा अशी ठळक खूण सांगावी. पलीकडून सांगितल्याशिवाय फोन ठेवू नये, कारण काय करावे हे तेथून सांगितले जाते.

दुसरी चूक जखमीला उठवून बसवण्याची. मोटारसायकलवरून उडालेला माणूस डोक्यावर किंवा खांद्यावर आपटतो. अशा वेळी मानेचा मणका मोडलेला असू शकतो. मणक्याच्या आत मज्जारज्जू असतो. मणका मोडूनही मज्जारज्जू शाबूत असेल, तर तो माणूस पुढे चालू-फिरू शकतो. पण दोघांनी काखेत हात घालून त्याला खेचले आणि मान लुळी पडली, तर त्या एका हिसक्याने हातपाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून आग, पाणी किंवा वाहनांचा धोका नसेल, तर त्याला होता तेथेच राहू द्यावे. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके स्थिर धरावे आणि त्याच्याशी शांतपणे बोलत राहावे.

तिसरी चूक हेल्मेट ओढून काढण्याची. जखमी नीट श्वास घेत असेल, तर हेल्मेट तसेच राहू द्यावे. समोरची काच वर करावी, हनुवटीखालचा पट्टा सैल करावा, एवढेच पुरे. श्वास अडत असेल किंवा ओकारीने तोंड भरले असेल, तरच ते काढावे व तेही दोघांनी मिळून. एकाने खालून जबडा व मानेचा मागचा भाग घट्ट आधाराने धरावा, दुसऱ्याने हेल्मेटच्या दोन्ही बाजू फाकवून ते हळूहळू सरळ रेषेत काढावे.

चौथी चूक पाणी पाजण्याची. तहानलेल्याला पाणी देणे हा आपला धर्म, म्हणून हे सांगताना मला नेहमी जड जाते. पण अर्धवट शुद्धीतल्या माणसाचे पाणी श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरू शकतो. शस्त्रक्रिया करावी लागली, तर भरलेले पोट भूल देताना घातक ठरते. तेव्हा पाणी, चहा, सोडा काही देऊ नये. धीर यावा म्हणून घोटभर फेणी तर मुळीच देऊ नये. ओठ सुकले असतील, तर ओल्या फडक्याने टिपावेत.

जखमी बेशुद्ध असून श्वास घेत असेल, तर त्याची जीभ मागे पडू नये आणि ओकारी घशात जाऊ नये म्हणून दोघातिघांनी डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून त्याला कुशीवर वळवावे. श्वासच चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. हे तंत्र पुस्तकात वाचून येत नाही. ते एकदा हाताने करून पाहिले पाहिजे.

पाचवी चूक जखमेवरच्या घरगुती उपायांची. वाहत्या रक्तावर हळद, कॉफीची पूड, माती यांपैकी काहीही घालू नये. स्वच्छ फडक्याची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबावे. फडके भिजले, तर ते न काढता वर दुसरे ठेवून आणखी जोराने दाबावे. जखमेत काच किंवा लोखंड रुतले असेल, तर ते उपसू नये. मोडलेला पाय सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. ज्या स्थितीत आहे तसाच आधार द्यावा. तापलेल्या सायलेन्सरने भाजले असेल, तर त्या जागी २० मिनिटे साधे गार पाणी ओतावे; टूथपेस्ट लावू नये.

सहावी चूक दुचाकीवर दोघांच्या मध्ये जखमीला बसवून नेण्याची. मान डुलत असलेला माणूस असा आणलेला मी पाहिला आहे. रुग्णवाहिका येण्यास खरोखरच फार वेळ लागणार असेल, तर मागे सपाट जागा असलेली गाडी पाहावी, फळी किंवा दार काढून त्यावर त्याला आडवे निजवावे आणि मान धरून न्यावे.

आता मी एक प्रसंग सांगतो. चतुर्थीच्या आधीचे दिवस होते. बाजार करून परतणारा एक तरुण ओल्या वळणावर घसरला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. क्षणभर त्याची शुद्ध हरपली, मग तो आपणहून उठला, कपडे झटकले आणि जमलेल्यांना म्हणाला, "मला काही झाले नाही." लोकांनाही बरे वाटले. गाडी सुरू करून तो घरी गेला, थोडे जेवला, डोके दुखते म्हणून लवकर निजला. पहाटे आईने हाक मारली, तेव्हा तो उठला नाही. आमच्याकडे आणला तेव्हा त्याची एक बाहुली मोठी झालेली होती. कवटीच्या आत रक्तवाहिनी फुटून रात्रभर रक्त साठत गेले होते. आम्ही त्याला वाचवू शकलो नाही. आदल्या संध्याकाळी तो आला असता, तर फार निराळे घडू शकले असते. त्या घरी बाजाराच्या पिशव्या तशाच बांधलेल्या होत्या, असे त्याच्या काकांनी मला सांगितले.

म्हणून मी म्हणतो की "काही झाले नाही" हे निदान जखमीने करावयाचे नाही. डोक्याला मार लागून क्षणभर जरी शुद्ध गेली असेल, किंवा काय घडले ते आठवत नसेल, तर त्याच दिवशी इस्पितळात जावे. तपासून घरी पाठवले, तरी पहिले २४ तास कोणीतरी सोबत असावे. डोकेदुखी वाढत जाणे, पुनःपुन्हा ओकाऱ्या, अति गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका येणे, एका अंगाची शक्ती कमी होणे, नाकाकानांतून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास क्षणाचाही विलंब करू नये. मनाने ॲस्पिरिनसारखी गोळी घेऊ नये. तिने रक्तस्राव वाढू शकतो. आणि ज्या हेल्मेटने एकदा मार खाल्ला, ते वरून चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नये.

कोणी म्हणेल, "डॉक्टर, मदत करू, पण मग पोलीस, साक्षी, कोर्टाच्या खेपा!" ही भीती जुनी आहे, आणि एके काळी तिला कारणही होते. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. त्याला उचलून नेणाऱ्याला जवळच्या इस्पितळातून सुमारे २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळात पाठवण्यात आले, आणि जखमी वाटेतच दगावला. या बातमीवरून झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट केले की, शासकीय असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवावयाचा, कागद नंतर. पुढे २०१६ साली याच न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. जखमीला पोहोचवून तो घरी जाऊ शकतो.

वाहनचालकाचे मात्र तसे नाही. अपघातात ज्याच्या वाहनाचा संबंध आला, त्याने जखमीच्या उपचाराची व्यवस्था केलीच पाहिजे आणि शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांच्या आत, पोलिसांना कळवले पाहिजे. येथे आपल्याकडे दोन चुका हमखास होतात.

एक म्हणजे रस्त्यावरच "मिटवून टाकणे". दोन हजार रुपये हातावर ठेवले जातात, दोन्ही बाजू हात जोडतात. आठ दिवसांनी गुडघा सुजतो, शस्त्रक्रिया सांगितली जाते, आणि अपघात झाल्याचा एकही कागद नसतो. भांडण मिटवण्यास माझी ना नाही; पण नोंद आधी व्हावी. ५ मे २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्तास नियुक्त इस्पितळात ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतो. धडक देऊन वाहन पळून गेले, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाल्यास २ लाख व गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. भरपाईच्या दाव्यासाठी कायद्याने ६ महिन्यांची मुदत घातली आहे. या साऱ्याचा आधार पोलिसांतील नोंद हाच होय.

दुसरी चूक चालक बदलण्याची. गाडी चालवणाऱ्या मुलाजवळ परवाना नसतो. मग भावाचे किंवा मामाचे नाव पुढे केले जाते. हा खोटेपणा जखमांच्या स्वरूपावरून व साक्षींवरून उघड होतो, आणि मग विम्याचा दावा अडतोच, शिवाय निरपराध माणूस गुन्ह्यात अडकतो. खरे तेच सांगावे. जागेची व वाहनांची छायाचित्रे घ्यावीत, समोरच्या वाहनाचा क्रमांक लिहून घ्यावा, विमा कंपनीला त्वरित कळवावे आणि तिच्या माणसाने पाहिल्याशिवाय गाडी दुरुस्तीला देऊ नये. इस्पितळाचे केसपेपर, एक्स-रे व औषधांची बिले एका पिशवीत जपून ठेवावीत.

शेवटी दुसरा एक प्रसंग सांगून थांबतो. आपल्याकडे भाड्याने मोटारसायकल चालवणारे पिवळ्या-काळ्या गाडीचे पायलट तुम्हां सर्वांच्या परिचयाचे. एका पायलटाने रस्त्यात पडलेल्या एका शिक्षकांना हलवू दिले नाही. लोक त्याच्यावर ओरडले, "माणूस मरतो आहे आणि तू उचलू देत नाहीस!" तो डोके दोन्ही हातांनी धरून पावसात बसून राहिला, रुग्णवाहिका येईपर्यंत. त्या शिक्षकांच्या मानेचा मणका मोडलेला होता. काही महिन्यांनी ते स्वतःच्या पायांनी चालत मला भेटावयास आले. त्या पायलटाने कुठल्याशा शिबिरात हे एकदा पाहिले होते, एवढेच त्याचे शिक्षण.

शिक्षकांना माझी विनंती आहे की वरच्या वर्गांत वर्षातून एकदा तरी हे प्रात्यक्षिक करवून घ्यावे. पंचायतीने पायलट, दुकानदार व बालरथाचे चालक यांच्यासाठी आरोग्य केंद्राच्या मदतीने एक दिवसाचे शिबिर भरवावे. अपघाताच्या जागी डॉक्टर सर्वांच्या शेवटी भेटतो. सर्वांच्या आधी पोहोचणारे तुम्ही असता, आणि त्या पहिल्या घटकेत जखमीचे आयुष्य तुमच्याच हाती असते.