महामंदीतली मुलं

१९२९च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. १९३३ उजाडेपर्यंत अमेरिकेतला साधारण दर चौथा कामगार बेकार होता.

मुलांना ही मंदी ताटात दिसली, अंगावर दिसली. पिठाच्या रिकाम्या पोत्यांतून आई फ्रॉक शिवायची. ते पाहून पीठगिरण्या पोत्यांवर फुलांची नक्षी छापू लागल्या. बुटाचा तळ झिजला की आत पुठ्ठा. पैशांअभावी हजारो शाळांना कुलूप लागलं.

घरातलं एक खाणारं तोंड कमी व्हावं म्हणून सुमारे अडीच लाख किशोरवयीन मुलं-मुली घराबाहेर पडली. मालगाड्यांवर चढून, जीव धोक्यात घालून काम शोधत फिरली.

कित्येकांनी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना पत्रं लिहिली. मागणं काय, तर जुने कपडे, बूट, शाळेपुरते पैसे! काही मुलं कारखान्यांतही कामाला लागली होती. अखेर १९३८च्या कायद्याने सोळा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत राबवण्यावर देशव्यापी निर्बंध घातले.