पदवी आणि कसलेला हात

(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



गुणवंतांचा सत्कार आताच झाला. त्यांत जैवतंत्रज्ञान हा विषय घेतलेली मुलेमुलीही आहेत, याचा आम्हांस आनंद वाटतो. परंतु याच विषयाची पदवी घेऊन घरी बसलेली मुलेही आम्ही आपल्याच समाजात पाहतो. आणि लशी व औषधे तयार करणारे कारखानदार तर कसबी माणूस मिळत नाही, अशी तक्रार करितात. एकीकडे रिकामे हात, दुसरीकडे रिकाम्या जागा! हे असे का व्हावे?

ज्यांच्या नावाची संस्था परळला आहे, त्या डॉ. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे १९०२ साली, तेव्हाच्या पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांस ती टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या माथी आला. मागाहून उजेडात आले की, बाटली उघडण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करिताच वापरला गेला. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. गेलेले जीव मात्र परत आले नाहीत. शास्त्रज्ञाची विद्या खरी होती. उणा पडला तो हात.

आजही तेच आहे. पोलादी पात्रांत जिवंत पेशी वाढवावयाच्या, तर तपमान, आम्लता व प्राणवायू यांवर अहोरात्र नजर ठेवावी लागते. बाहेरचा जंतू शिरला, की सबंध बॅच टाकून द्यावी लागते. निर्जंतुक खोलीत पोशाख कसा चढवावा, हात किती सावकाश हलवावेत, प्रत्येक कृतीची त्याच क्षणी नोंद कशी करावी, हे पाठांतराने येत नाही. जाणत्या माणसापाशी उभे राहूनच येते.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही पदवीधरांस सहा महिने कारखान्यात शिकविण्याची योजना चालविली. परंतु विद्यावेतनात पुण्याचे खोलीभाडे व खाणावळ पुष्कळदा भागत नाही. मग खेड्यातील मूल, विशेषतः मुलगी, माघारी फिरते.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. आपला शिष्यवृत्तिनिधी मुलांस पदवीच्या दारापर्यंत पोचवितो. त्यातील काही भाग उमेदवारीच्या पहिल्या वर्षाकरिता राखून ठेवावा. शहरांतील ज्ञातिबांधवांनी अशा एकेका मुलीस आपल्या घरी ठेवून घ्यावे. आणि वधूवरांच्या माहितीपत्रकात ‘कारखान्यात उमेदवारी’ हे शब्द लिहिण्यास कोणीही लाजू नये.

आम्ही स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही; परंतु सदतीस वर्षे मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली. नुसते फळ्याकडे पाहून अक्षर कोणासही आले नाही. ते हातानेच शिकावे लागते.